दारावर टांगलेला कान

"स्वतःच्या घराबाहेर उभं राहून स्वतःचीच बेल वाजवणारी बाई तेवढी बघायची राहिली होती. तीही बघितली!"

सासूबाई दाराच्या आत होत्या, मी बाहेर, आणि मधे इंचभर जाडीची फळी. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, चपलांच्या कपाटाशी बोलत होत्या. पण आमच्या घरात कपाटाशी बोललेलं ज्याला ऐकू जायला हवं त्याला बरोबर जातं. निदान ज्यांना ऐकू येतं त्यांना.

मी बेलवरचं बोट उचललं नाही. आमची बेल जुन्या धाटणीची आहे. दाबली की 'टिंग', सोडली की 'टाँग'. मला 'टिंग' तेवढं हवं असतं. ते विरायच्या आत बोट सुटलं की मागून 'टाँग' येतं आणि सगळा विचका होतो. म्हणून एक हात बेलवर, दुसरा दुतारीच्या खुंटीवर आणि बाकीचा भार हनुवटीवर, अशी मी उभी होते. दार उघडं ठेवलं तर बेल इतकी मोठ्यानं वाजते की माझी तार मलाच ऐकू येत नाही, म्हणून दार लोटून घ्यावं लागतं. यात वेडेपणा कुठे आहे ते मला अजून समजलेलं नाही.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ कचऱ्याची पिशवी घेऊन उतरत होते. ते थबकले.

"किल्ली विसरलात का?"

"नाही हो, सूर लावतेय."

"बरं, बरं," म्हणत ते भिंतीला अंग घासत खाली गेले.

चौदाव्या 'टिंग'ला तार जुळली. मी आत आले. दाराशेजारच्या भिंतीवर बेलचा पांढरा डबा आहे आणि त्या डब्याच्या बरोबर खाली माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, खुर्ची. डब्यात आणि त्यांच्या टकलात फार तर हातभर अंतर असेल. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं, मी दिसले, आणि चेहरा उजळला.

"अरे, आलीस? बेल तरी वाजवायचीस! मी उघडलं असतं की दार."

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी जाऊन नळ सोडला आणि मी गजाला घासायच्या राळेची डबी शोधायला लागले. अळीमिळी गुपचिळी.

दोन वर्षं आमच्याकडे हा खेळ चालला होता. बाबांना ऐकू येईनासं झालं होतं, आणि हे बाबा सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. किंवा बाबांनाही ठाऊक होतं, आणि ते आम्हाला ठाऊक नव्हतं. समोरच्याच्या ओठांवरून ते बरंचसं ओळखत, आणि नाहीच ओळखता आलं तर "बघू" म्हणत. संसारातल्या बहुतेक प्रश्नांना "बघू" हे उत्तर चालून जातं, त्यामुळे त्यांचं फारसं अडत नव्हतं.

या माणसाने चाळीस वर्षं दुकानांतले वजनकाटे तपासले आणि दुरुस्त केले. भल्याभल्या व्यापाऱ्यांना तोंडावर सांगितलं, "तुमचा काटा खोटा आहे." घरात साखर मोजतानासुद्धा वाटीच्या कडेवरून बोट फिरवणारे. बेल बसवायची वेळ आली तेव्हा दुतारी काखेत मारून दुकानात गेले आणि दुकानदाराला एकामागून एक बारा बेल वाजवायला लावल्या. बाराव्या बेलचं 'टिंग' त्यांच्या पहिल्या तारेशी जुळलं. "घराचा सूर दारात टांगलेला असावा," म्हणाले. दुकानदाराने ती बेल कमी किमतीत दिली, फक्त पुन्हा येऊ नका म्हणून. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा या घरात नवी होते आणि मला वाटलं होतं, हे कुठलं घर पदरी पडलं!

दुतारी म्हणजे काही फार मोठं वाद्य नव्हे. एक लांब दांडी, खाली वाटीएवढं पोट, त्यावर ताणून बसवलेलं चामडं, दोन तारा. गुडघ्यावर उभी धरायची आणि तारांवर केसांचा गज फिरवायचा. पूर्वी गुरं राखणारे वाजवत असत म्हणे. गुरं बिचारी कुठे जाणार!

बाबांकडे अशा दोन होत्या. एक ते वाजवत, दुसरी भिंतीवर. आमची लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि माझ्या संध्याकाळी एकदम सैल पडल्या, नाडी निघालेल्या परकरासारख्या. एक दिवस धूळ पुसताना भिंतीवरच्या दुतारीची तार माझ्या फडक्यात अडकली आणि थरथरली. खुर्चीतून आवाज आला, "वा!"

मी वळून बघितलं. बाबा माझ्याकडेच बघत होते.

आता हे कसं सांगावं? मी कपडे अल्टर करण्याचं दुकान चालवते. पँटची लांबी कमी करणे, चेन बदलणे, कंबर सैल करणे. गेली एकोणीस वर्षं लोक मला "झालं का?" विचारत आलेत. "वा" कोणी म्हटलं नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बाईला एक फुकटचं "वा" मिळालं तर ती काय वाटेल ते करू शकते. मी दुसऱ्याच दिवशी गज हातात घेतला.

बाबांनी बसायचं कसं आणि गज धरायचा कसा, एवढं दाखवलं. "पुढचं हात आपोआप शिकतो," म्हणाले. माझ्या हाताने ते ऐकलं नाही. खालच्या मजल्यावरच्या ताई पहिल्याच आठवड्यात वर आल्या आणि म्हणाल्या, "लोखंडी कपाट सरकवताय का? आमचे हे येतील हो मदतीला." नवरा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो, दिवसभर घरघर ऐकून त्याच्या कानांना सवय आहे, तरी तोही म्हणायचा, "आज जरा लवकर आटपलं, नाही?" आणि सासूबाई चक्क काहीच बोलायच्या नाहीत. मी डब्याचं झाकण उलटं ठेवलं तरी ज्यांचं त्यावर भाषण होतं, त्या बाई माझ्या वाजवण्यावर तोंडात मिठाची गुळणी धरून. बेलबद्दल बोलतील, राळेच्या वासाबद्दल बोलतील, वाजवण्याबद्दल शब्द नाही. त्यांचं गप्प बसणं मला भांडणापेक्षा मोठ्यानं ऐकू यायचं.

पण बाबा होते ना! मी वाजवायला बसले की खुर्ची वळवून समोर बसत, माझ्या मनगटाकडे एकटक बघत आणि मान डोलवत. "वा! आज गज काय छान फिरतोय!" मी तरंगत दुकानात जायची.

चौथ्या महिन्यात मी गजाचे केस बदलून आणले. नव्या केसांना राळ घासल्याशिवाय तारेतून आवाज निघत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी बसले, गज फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. कापसाने काच पुसावी तसा गज तारेवरून गेला आणि आला. घर चिडीचूप. स्वयंपाकघरातून सासूबाई डोकावून गेल्या, एवढी शांतता कशाची म्हणून.

बाबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. "वा! आज काय मुलायम लागलाय हात."

मी गज खाली ठेवला. तेव्हा मला समजलं. म्हणजे बेल, फोन, कुकर, हे सगळं त्यांना ऐकू येत नाही हे आधीच समजलं होतं. पण माझं वाजवणं तेवढं ऐकू येतं, अशी काहीतरी सोयीची समजूत मी करून घेतली होती. माझा एकुलता एक रसिक बहिरा होता.

आणि मी गप्प बसले. खरं कारण सांगते, इतरांना बाबांच्या मानाची काळजी असेल, मला माझ्या "वा"ची होती. बाबांना ऐकू येत नाही असं एकदा कोणी म्हटलं, की माझ्या चार महिन्यांच्या कौतुकाचं काय राहणार? गप्प कसं बसायचं ते मला चांगलं येतं. माझ्या धंद्यात ते पहिलं शिकावं लागतं. गिऱ्हाईक पँट घेऊन येतं, बटण लागत नाही. मी कधी म्हणत नाही की तुमचं पोट सुटलंय. मी म्हणते, "कापड आटलंय हो." शिवण उसवते, अर्धा इंच सोडते, गिऱ्हाईक खूश. पुढच्या वर्षी कापड पुन्हा आटतं.

आमची शनिवारची मंडळी हेच करत होती, फक्त पँटच्या जागी तारा होत्या.

शनिवारी सकाळी बेकरीच्या वरच्या खोलीत दुतारीवाले जमत. एक दाताचे डॉक्टर, एक शाळेत भूमिती शिकवणाऱ्या बाई, खुद्द बेकरीवाला, बाबा, आणि गेल्या काही महिन्यांपासून शेपटाला मी. दुतारीवाल्यांची एक रीत आहे. सगळ्यात वडीलधारा असेल त्याने सूर द्यायचा आणि बाकीच्यांनी आपापली तार त्याच्या तारेशी जुळवायची. तो देईल तो सूर. त्यावर कोणी बोलायचं नाही. पंगतीत वाढणाऱ्याचा हात धरत नाहीत, तसं.

बाबा तार कानाने नाही, बोटाने लावायला लागले होते. बोटाला ताण पुरेसा वाटला की "हां" म्हणायचे. आणि बोट म्हातारं होत चाललेलं, त्याला दर शनिवारी थोडा कमी ताण पुरायचा. मंडळी निमूट आपापल्या खुंट्या सैल करायची.

मी घरी तार बेलला लावायची आणि शनिवारी तिथे बाबांना. पहिले काही शनिवार मला वाटलं, माझंच चुकतंय, मी नवशिकी. मग मी माझ्या सवयीप्रमाणे खूण केली. शिवणाचा खडू घेऊन, घरी बेलला तार जुळली की खुंटीवर एक रेघ ओढायची. दर शनिवारी ती रेघ किती फिरते ते बघायचं. पहिल्या शनिवारी नखभर. मग अर्धं बोट. अकराव्या शनिवारी रेघ खुंटीच्या पार खाली गेली होती. आमच्या तारा वाळत घातलेल्या दोरीसारख्या लोंबत होत्या. डॉक्टर गज फिरवायचे तेव्हा सुरापेक्षा फडफडच जास्त यायची.

"दमट हवा," डॉक्टर म्हणायचे.

"चामड्याचं असं असतंच," बेकरीवाला म्हणायचा.

भूमितीच्या बाई काहीच म्हणायच्या नाहीत. त्या वहीत कडेला तारीख घालून काहीतरी लिहीत. एकदा मी वाकून बघितलं. त्यांनी उतरत्या सुराचा आलेख काढला होता. शिसपेन्सिलीने, पट्टी लावून.

तरी असंच चाललं असतं. कोणाचं काय जात होतं? पण वाचनालयाची नवी इमारत झाली आणि उद्घाटनाच्या रविवारी वाजवायला आमच्या मंडळींना बोलावणं आलं. सोबत एक ॲकॉर्डियनवाली.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगते. दुतारीची तार सैल करता येते, ॲकॉर्डियनची पट्टी नाही. तिचे सूर कारखान्यातून येतानाच पक्के. ती बाई पहिली पट्टी दाबणार आणि दोनशे माणसांसमोर, अख्खं गाव बसलेलं असताना, आम्ही चिखलात रुतलेल्या गाडीसारखे खाली कुठेतरी घरघरणार. आणि सूर दिलेला असणार बाबांनी.

त्या शनिवारी बाबा पाव घ्यायला खाली गेले तसं तिघांनी मला घेरलं.

"तुम्ही घरच्या," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर," मी म्हटलं.

"मी दातांचा. कान माझ्या हद्दीबाहेर."

"दोन बोटांचं तर अंतर आहे!"

"माझ्या लहानपणापासून ते आमचे काटे तपासायला यायचे," बेकरीवाला म्हणाला. "अजून ते दिसले की मी आधी काट्यावरचं पीठ पुसतो. मी सांगणार त्यांना? मला नाही जमायचं."

भूमितीच्या बाईंनी वही पुढे केली. "हा आलेख दाखवा. शब्दसुद्धा बोलावा लागणार नाही."

"बाई, ते आलेख बघून 'वा' म्हणतील."

शेवटी भिडेपोटी मी "बघू" म्हटलं. घरचंच उत्तर. पुढच्या शनिवारी शेवटची तालीम, रविवारी कार्यक्रम. मधे आठवडा.

सोमवारी नाश्त्याला मी घसा खाकरला. "बाबा, एक सांगायचं होतं."

बाबांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग हातांकडे. "तुझं मनगट काय सुटलंय अलीकडे! मी हिला म्हटलं सुद्धा, पोरीच्या हातात वाद्य आहे."

एकावन्नाव्या वर्षी कोणी पोर म्हटल्यावर काय बोलणार? मी त्यांना आणखी चहा दिला.

बुधवारी नवऱ्याला म्हटलं, "अहो, वडील तुमचे आहेत."

"आई सांगेल."

"आई का?"

"ती ओरडतेच आहे दोन वर्षं. त्यात हेही ओरडेल."

हे खरं होतं. सासूबाईंचा आवाज गेल्या दोन वर्षांत इतका चढला होता की सगळ्या बिल्डिंगमध्ये त्या भांडखोर म्हणून प्रसिद्ध झाल्या होत्या. "जेवायला चला!" हेसुद्धा युद्धाची हाक दिल्यासारखं म्हणायच्या. खालच्या ताईंनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, "म्हातारा-म्हातारीचं बरं चाललंय ना हो?"

शुक्रवारी दुपारी बाबा झोपले होते. सासूबाई भाजी निवडत होत्या, मी समोर बसून एका गिऱ्हाइकाच्या पँटची कंबर उसवत होते. कापड आटलं होतं. मी म्हटलं, "आई, तुम्हीच सांगा ना त्यांना."

त्यांनी वर बघितलं नाही. हळू आवाजात बोलल्या. तो आवाज मी विसरलेच होते, पातळ, जरासा पोरीसारखा.

"लग्न झाल्यापासून मी यांना 'अहो, ऐकलंत का' म्हणून हाक मारत आले. दोन वर्षांपूर्वी एक दिवस मारली, तर वळले नाहीत. पुन्हा मारली. नाहीत. तेव्हापासून मी ती हाकच मारत नाही. उगीच चिडल्यासारखं करते नि ओरडते. म्हणजे त्यांना वाटेल, हिचा स्वभाव बिघडला. माझा स्वभाव बिघडलेला त्यांना चालेल गं. कान बिघडलेला नाही चालायचा."

मी पँट बाजूला ठेवली.

"आणि लोक तुम्हाला भांडखोर म्हणतात ते?"

"म्हणू देत. मला काय, ऐकू येतं सगळं." आणि एक देठ फेकून त्या म्हणाल्या, "उद्या तू सांग. तुझं ऐकतील. तुझ्यावर त्यांचा जीव आहे."

जीव आहे म्हणूनच तर नको होतं मला.

शनिवारी बेकरीच्या वरच्या खोलीत पिठाची पोती आली होती, म्हणून तालीम आमच्या घरी ठरली. बाबा सकाळपासून उत्साहात. इस्त्रीचा सदरा घालून, दुतारी मांडीवर घेऊन, बेलखालच्या आपल्या खुर्चीत दहा मिनिटं आधीच बसलेले.

टिंग-टाँग. डॉक्टर आले. मी दार उघडलं.

टिंग-टाँग. भूमितीच्या बाई आल्या, आणि त्यांच्यामागे दार उघडंच राहिलं.

दोन्ही वेळा बाबा घड्याळाकडे बघत होते, आणि दोन्ही वेळा पाहुणा समोर येऊन उभा राहिला तेव्हा दचकले. "अरे! तुम्ही लोक बेल का वाजवत नाही? आजकाल कोणाला रीतच राहिली नाही."

डॉक्टर बुटांची नाडी सोडण्यात गुंतले. नाडी नसलेल्या बुटांची.

बेकरीवाला उशिरा येणार होता, भट्टी उतरवून. बाबा म्हणाले, "आपण सूर लावून घेऊ." त्यांनी खुंटी बोटाने चाचपली, तार छेडली, "हां" म्हणाले. आम्ही तिघांनी खुंट्या सैल केल्या. माझी खडूची रेघ पालथी झाली. नवरा भिंतीला टेकून उभा होता, सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात. सगळ्या तारा एकदाच्या त्या तळातल्या सुराला टेकल्या आणि घुमायला लागल्या.

टिंग.

बेकरीवाल्याच्या दोन्ही हातांत पावांच्या पिशव्या होत्या म्हणे, त्यामुळे त्याने बेल कोपराने दाबली, आणि कोपर तिथेच राहिलं. नुसतं 'टिंग'. 'टाँग' नाही. स्वच्छ, उंच, भर सकाळी पडदा सरकवावा तसं. आणि खाली आमच्या चार तारा अजून घुमत होत्या, कुठेतरी तळघरात.

आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी वर डब्याकडे बघितलं. मग एकाच वेळी खाली. बाबांनी आमचे चेहरे बघितले. एकेक करून, सावकाश, काटा स्थिर होईपर्यंत बघायचे तसे.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

 नवरा आईकडे बघायला लागला, आई माझ्याकडे, डॉक्टर बुटांकडे. दारात बेकरीवाल्याचं कोपर अजून बेलवर. मला दिसत होतं, उद्या हाच प्रश्न बाबा दोनशे माणसांसमोर विचारतील. काय झालं? आणि तेव्हाही आम्ही असेच बुटांकडे बघू.

मी दुतारी खाली ठेवली. चार महिन्यांचं सगळं "वा" मनातल्या मनात एकदा घडी करून ठेवलं. म्हटलं, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

बाबा पुढे वाकले. "काय म्हणालीस?"

माणूस धीर गोळा करतो तो एका वेळेपुरता. माझा संपला होता. उसना घेऊन पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, "तुम्हाला ऐकू येत नाही."

"अगं नीट बोल. तोंडातल्या तोंडात काय?"

"बाबा! तुम्हाला! ऐकू! येत! नाही!"

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांची कचऱ्याची पिशवी पडल्याचा आवाज आला. खालच्या ताईंचं दार उघडलं.

बाबा मागे टेकले. त्यांनी दुतारीच्या चामड्यावरून बोट फिरवलं, वाटीच्या कडेवरून फिरवायचे तसे. मग म्हणाले, "सूर किती उतरलाय?"

भूमितीच्या बाईंनी वही उघडून समोर धरली. त्यांनी आलेख वाचला. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत, एकही ठिपका न गाळता.

"आणि अकरा आठवडे तुम्ही सगळे माझ्यामागून खाली आलात?" ते म्हणाले. "मूर्खच आहात. दुकानात मी एवढा काटा कोणाला सोडला नसता." पण ओठांचा एक कोपरा हलला होता. त्यांनी मान वर करून बेलच्या डब्याकडे बघितलं. "बरं झालं, तेव्हाच एक कान दारावर टांगून ठेवला. पावाच्या पिशव्या घ्या रे कोणीतरी त्याच्याकडून, आणि त्याला म्हणावं, बेल वाजवत राहा. सगळ्यांनी तारा त्या 'टिंग'ला लावा."

बेकरीवाला बाहेर उभा राहून बेल वाजवू लागला. टिंग. खुंट्या करकरल्या. टिंग. अकरा आठवड्यांचं उतरलेलं आम्ही एका दमात वर चढवत होतो. डॉक्टरांची तार तटकन तुटली आणि त्यांनी सवयीने "दुखलं का?" विचारलं. बाबा स्वतः बेलकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले, आणि मी मान हलवली तिथे त्यांची खुंटी थांबली.

मग त्यांना काहीतरी आठवलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर येताना दिसलं.

"थांबा," बाबा म्हणाले. "म्हणजे हिचं वाजवणं मी कधी ऐकलेलंच नाही?"

बेलसुद्धा थांबली.

"मी मनगट बघत होतो फक्त. मनगट चांगलं आहे तिचं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आता खरं सांगा कोणीतरी. ही वाजवते कशी?"

डॉक्टर तुटलेली तार गुंडाळायला लागले. नवऱ्याला लिफ्टचा फोन आला, जो वाजलाच नव्हता. भूमितीच्या बाईंनी वही मिटली. म्हणजे माझाही आलेख असणार.

तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आल्या. पदराला हात पुसले, बाबांच्या समोर उभ्या राहिल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा न ओरडता, त्या पातळ आवाजात म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? वाईट वाजवते. रोज वाजवते, मन लावून वाजवते, पण फार वाईट वाजवते."

बाबांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले.

"काय म्हणतेय ती?"

आता सगळी खोली माझ्याकडे बघत होती. दारातून बेकरीवाला, जिन्यातून वरचे गृहस्थ, त्यांच्यामागून खालच्या ताई. मी उठून बाबांच्या खुर्चीपाशी गेले, दोन्ही हातांचा कर्णा केला, आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मी वाईट वाजवते म्हणतायत! फार वाईट!"